गुणवंत मॅनेजरची पहिली सही

एका गावात एक भोळा मॅनेजर होता. खेड्यात मॅनेजर कुठून आला म्हणाल, तर गावाबाहेर एक तीन मजली इमारत उभी राहिली, तिची सोसायटी झाली, आणि सोसायटीला मॅनेजर हवा झाला. त्याचं नाव गुणवंत. नाव आईने ठेवलं होतं, पण त्यात आईचा काही दोष नाही.

गुणवंतचं लग्न ठरत आलं होतं. शेजारच्या गावची वनमाला. बघायला गेला तेव्हा तिने विचारलं, "चहात साखर किती घालू?" हा म्हणाला, "आई घालते तेवढी." ती हसली, आणि हा तिच्यावर तिथेच भाळला. पण तिचे वडील पांडोबा शेळके मोठे खमके. म्हणाले, "नोकरीत तीन महिने टिकून दाखवा, मग मुलगी देतो."

सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या घैसासबाई. जन्मभर शाळेत शिकवलेलं. गुणवंतचं लग्न व्हावं असं त्यांना मनापासून वाटे. म्हणून त्याला काढायच्या ऐवजी त्या दर वेळी शिकवत. तोही दर वेळी म्हणे, "हो बाई. आता नाही विसरणार."

आणि खरंच विसरत नसे. घोळ तिथेच होता.

पहिल्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती. बाई म्हणाल्या, "कोरम झाल्याशिवाय, म्हणजे वीस माणसं जमल्याशिवाय, सभा सुरू करायची नाही." दहा वाजता सात माणसं आली. गुणवंतने सभा सुरू केली नाही. आलेले सात कमी होऊ नयेत म्हणून हॉलला बाहेरून कुलूप लावलं आणि उरलेले तेरा शोधायला निघाला. दुपारी तीनपर्यंत शोधत होता. आतले सात खिडकीतून ओरडत होते.

बाईंनी कुलूप उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, वेळेवर माणसं आली नाहीत तर अर्धा तास थांबायचं. मग जे हजर असतील त्यांच्यावरच काम उरकायचं!"

"हो बाई. आता नाही विसरणार."

पुढच्या आठवड्यात पाण्याची टाकी धुवायला आठ वाजता तीन माणसं यायची होती. ती आली नाहीत. गुणवंतने घड्याळ लावून अर्धा तास वाट पाहिली. मग कोण हजर आहे ते बघितलं. कट्ट्यावर प्राणायाम करणारे बर्वे आजोबा होते. विम्याचा एजंट होता. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या जामदाडेकाकूंचा नवा जावई होता, दिवाळसणाला आलेला. गुणवंतने तिघांच्या हातात खराटे दिले, टाकीत उतरवलं आणि शिडी वर ओढून घेतली.

जावई चार दिवस शिंकत होता. काकू बाईंच्या दारात येऊन बसल्या. बाई गुणवंतला म्हणाल्या, "असं मनाला येईल ते करत सुटायचं नाही! आधी लेखी अर्ज घ्यायचा. मग काम."

"हो बाई. आता नाही विसरणार."

चारच दिवसांनी लिफ्ट मध्येच अडकली. आत जामदाडेकाकूच होत्या, हातात दळणाचा डबा.

"गुणवंता, मेले रे! काढ मला!"

गुणवंतने लिफ्टच्या फटीतून कोरा कागद आत सरकवला. "विषय लिहा काकू. लिफ्टमधून बाहेर काढण्याबाबत."

"अरे माझा जीव घाबरा होतोय!"

"तेच कारणात लिहा."

काकूंनी रडत रडत डब्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला. गुणवंतने तो उजेडात धरून वाचला आणि परत सरकवला. तारीख राहिली होती.

या वेळी बाईंचा आवाज चढला. "माणूस अडकल्यावर अर्ज कसला मागतोस? अर्ज कधी घ्यायचा, तर कुणी भिंत पाडणार असेल, किंवा कुणाकडे नवं माणूस राहायला येणार असेल, तेव्हा! तेव्हा अर्ज घ्यायचा आणि नोटीस लावायची. आणि कुठलीही नोटीस लावलीस तरी पहिली सही तू करायचीस. एक सही दिसली की बाकीचे करतात."

"हो बाई. आता नाही विसरणार."

पुढे बाई एकेक दिवस मोजत राहिल्या. शेवटी तीन महिने कसेबसे भरले. त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

लग्न सोसायटीच्याच हॉलमध्ये ठरलं. मुहूर्त अकराचा. अकरा वाजले तरी वनमालाच्या वऱ्हाडाचा पत्ता नव्हता, वाटेत गाडीचं चाक पंक्चर झालं होतं. घैसासबाई वाट बघत फाटकापाशी उभ्या. गुणवंतची आई जिलबीपाशी आचाऱ्यावर ओरडत होती. गुरुजींना दुसरं लग्न लावायला जायचं होतं, ते पोथीतून मान वर काढत नव्हते.

गुणवंतने घड्याळ लावलं. साडेअकरा झाले. मग हॉलमध्ये कोण हजर आहे ते नीट पाहिलं. सगळे लग्न झालेले. बिनलग्नाचा एकटा तोच.

"गुरुजी, जे हजर आहेत त्यांच्यावर उरका."

गुरुजींनी उरकलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, लोकांनी अक्षता टाकल्या. गुणवंतने एक हार स्वतःच्या गळ्यात घातला. मग अंतरपाटाच्या पलीकडे जाऊन दुसराही स्वतःच्याच गळ्यात घातला. बर्वे आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात वनमाला आली. शालू सावरत, धापा टाकत. मागे पांडोबा आणि घैसासबाई.

"अहो, मी आले!"

गुणवंतला फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "उशीर झाला हो. लग्न उरकलं."

"कुणाशी?"

"जो हजर होता त्याच्याशी."

पांडोबांनी बाह्या सरसावल्या. पण वनमालाने त्याच्या गळ्यातले दोन हार पाहिले आणि ती हसली. चहाच्या वेळी हसली होती तशीच. म्हणाली, "मग माझं काय करायचं ते तरी सांगा. मला तुमच्याच घरी राहायचंय."

गुणवंतचा चेहरा उजळला. नवं माणूस राहायला येणार! हे तर त्याला पाठ होतं. त्याने अर्ज मागितला. वनमालाने लिहून दिला, तारखेसकट. पांडोबांनीसुद्धा बाह्या खाली घेतल्या. बाईंच्या जिवात जीव आला. आई जिलबी घेऊन धावत आली.

गुणवंतने लगेच नोटीस लिहिली आणि फळ्यावर लावली. "कुमारी वनमाला शेळके गुणवंतच्या घरी कायमच्या राहायला येत आहेत. ज्यांची हरकत असेल त्यांनी खाली सही करावी."

"गुणवंता, थांब!" घैसासबाई ओरडल्या.

पण तो विसरला नव्हता. त्याने खिशातून पेन काढलं आणि झोकात पहिली सही केली.

मग पांडोबांनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि दुसरी केली.