खारींची ठेव

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत.

फार पूर्वी एका वानराच्या मोहाच्या झाडावर खारी राबत असत. मजुरीतले थोडे बदाम त्या विश्वासाने झाडाखाली राहणाऱ्या एका कासवाकडे ठेवत. म्हातारपणी वानर नदीपलीकडे निघालं, तेव्हा सगळ्या ठेवीच्या बदल्यात झाड खारींना द्यायला तयार झालं.

"कासवदादा, पटकन हो म्हणून टाका," खारी म्हणाल्या.

कासवाला झाडावर चढता येत नव्हतं. त्याने सुतारपक्ष्याला खोड ठोकून बघायला सांगितलं. ते निम्मं पोकळ निघालं, म्हणून कासवाने निम्मेच बदाम देऊ केले.

वानर चिडलं. "इतकी वर्षं माझ्या सावलीत बसलास, आणि आता माझ्यावरच संशय?"

"सावलीचे उपकार माझ्यावर आहेत. ठेव खारींची आहे," कासव हळूच म्हणालं. "मी चुकलो तर पाठीवरचं घर काही त्यांना काढून देता येणार नाही."

शेवटी वानराने निम्म्या बदामांत झाड दिलं.

"दादा, तुम्ही होतात म्हणून पावसाळ्याची बेगमी वाचली," खारी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासवाने तळ्यातून शिंगाडे काढले. ते घेऊन कासव वानराला नदीपर्यंत पोचवायला गेलं. "हे माझ्याकडून," ते म्हणालं. "सावलीचे आभार मानायचे राहिले होते."