धक्का नसलेली कार्बाइन

बंदुका आपसात बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. जंगलातल्या वनरक्षकांच्या एका चौकीत नवी कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक आली. वजनाला हलकी, दस्ता घडी होणारा, आणि गोळ्या चौकीवरच्या साहेबांच्या पिस्तुलात बसायच्या त्याच. शेजारी लाकडी दस्त्याची जुनी रायफल होती.

"गार्ड म्हणतात, माझा धक्का खांद्याला जाणवतच नाही," कार्बाइन आनंदाने म्हणाली.

"माझा जाणवतो," रायफल म्हणाली. "गोळी सुटली की चाप ओढणाराच कळवळतो. दुसरी गोळी हाताने पुढे सरकवावी लागते. तेवढ्यात त्याला समोर नीट बघायला सवड मिळते."

"म्हणूनच आजी, तुम्हाला कोणी नेत नाही."



मोहाची फुलं गळायच्या दिवसांत गार्ड कुमरे कार्बाइन घेऊन पहाटे निघाला. झाडाखाली काहीतरी काळं वाकलेलं दिसलं. अस्वल समजून त्याने घाबरून चाप दाबला. गोळी बुंध्यात घुसली. बाई ओरडली. कार्बाइनला ते लगेच ऐकू आलं. कुमरेला हिसका देऊन थांबवायला तिने सगळा जीव एकवटला, पण हिसका तिच्यात घडवलेलाच नव्हता. तोवर आणखी दोन गोळ्या सुटल्या होत्या.

मोहफुलं वेचणारी सोनाबाई पुन्हा उठली नाही.

चौकीत परतल्यावर कार्बाइन म्हणाली, "आजी, मला धक्का द्यायला शिकवा."

"ते शिकता येत नाही, पोरी. तुला घडवणाऱ्यांनी तेवढंच तर मेहनतीने काढून टाकलं."

पुढे रायफल मोडीत गेली. कुमरेच्या जागी नवा गार्ड आला. पहाटे त्याने कार्बाइन खांद्याला अडकवली आणि तो मोहाच्या झाडांकडे चालू लागला.