गंगीवरूनच माणसं का पडतात?

"गंगीवरून पडणारे पुष्कळ, वज्रदंतावरून पडलेला एकही नाही! हे कसं?" चंदनगडच्या मानाजीराजाने भर दरबारात सवाल टाकला.

गंगी ही राजाची हत्तीण, गायीसारखी गरीब. वज्रदंत हा हत्ती, महामारका. आदल्याच दिवशी राजाचे मेहुणे बाजीसाहेब गंगीवरून कोसळले होते. हात गळ्यात बांधून ते राजाशेजारी बसले होते. त्यांचं एकच पालुपद, "माहुतानं करणी केली!"

राजा तसा हट्टी. तो म्हणाला, "गंगी शांत आहे हे मी जाणतो. माणसं तिच्यावरूनच पडतात हेही पाहतो. एकही गोष्ट खोटी न ठरवता दोन्हींचा मेळ घाला! दरबार उठेपर्यंत उत्तर आलं नाही, तर करणीच समजेन. माहूत हद्दपार, आणि गंगी जंगलात ओंडके ओढायला!"

माहूत सटवोजी हात जोडून उभा होता. त्याची बायको गोजरा मात्र पदर खोचून पंडितांकडे बघत होती. हत्तीखान्यात चारा तोडणारी ही बाई, जिभेने कोयत्याहून तिखट!

विश्वंभरशास्त्री उठले. "महाराज, गंगी शांत नाहीच! शांतपणाचं सोंग करते."

"वा शास्त्रीबुवा!" गोजरा फिस्सकन हसली. "महाराजांनी दोन गोष्टी दिल्या, तुम्ही एक पुसून टाकलीत. गाठ सोडवा म्हटलं, तर दोरीच कापलीत!"

शास्त्री लालबुंद होऊन बसले. राजज्योतिषी उठले. "गंगीचे कान वज्रदंताच्या कानांहून मोठे आहेत, महाराज. शिवाय तिचा जन्म अमावास्येचा."

दरबारी माना डोलवू लागले.

"कान मोठे, म्हणून माणसं पडतात?" गोजराने विचारलं. "मग सुपावर बसलेली माशीसुद्धा पडायला हवी!"

"गप्प बस!" बाजीसाहेब ओरडले. "चारा तोडणारीला इथे कोणी विचारलं?"

"विचारलं सगळ्यांना, सरकार. उत्तर कोणालाच येईना, म्हणून बोलते."

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बोल मग! पण चुकलीस तर नवऱ्याबरोबर तूही गावाबाहेर!"

सटवोजीने घाबरून तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"महाराज, वज्रदंतावर शेवटचं कोण बसलं होतं?"

"त्याच्यावर?" राजा उसळला. "त्याच्यावर कोण बसेल? जिवावर उदार व्हायचंय का कोणाला!"

"झालं की मग! पडायला आधी चढावं लागतं, महाराज! वज्रदंतावर कोणी चढतच नाही, तर पडणार कोण?"

दरबारात कुजबुज उठली. पण राजा सोडतो थोडाच! "हे ठीक. पण गंगी जर इतकी शांत, तर तिच्यावरून तरी का पडावं?"

"ती शांत, म्हणूनच तुम्ही कोणालाही तिच्यावर चढवता! जे जाजमावर नीट बसू शकत नाहीत, ते तिच्यावर. जेवून पेंगुळलेले पाहुणे, तेही तिच्यावर. काल बाजीसाहेब पानाची पिचकारी टाकायला वाकले, ते पिचकारीबरोबरच खाली गेले! हत्तीण जागची हललीसुद्धा नव्हती."

"खोटं!" बाजीसाहेब किंचाळले.

"खोटं? मग उद्या वज्रदंतावर बसा, सरकार! तिथून आजवर एकही माणूस पडलेला नाही. तुमच्या हिशेबाने त्याहून सुरक्षित जागा नाही!"

राजाने एकदा मेहुण्याकडे पाहिलं, एकदा शास्त्र्यांकडे, आणि तो असा खदखदून हसला की त्याच्या मंदिलाचा तुरा थरथरू लागला.

"चढलाच नाही तर पडेल कसा! आणि हे माझे पंडित कान मोजत बसले!"

त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या ओंजळीत टाकलं. "सटवोजी, आजपासून गंगीवर कोणाला बसवायचं ते तुझी बायको ठरवील. माझे सोयरे असोत की खुद्द मी!"

"तर मग आज मीच बसते, महाराज," गोजरा म्हणाली.

आणि राजा पोट धरून हसत असतानाच ती राजवाड्याच्या दारातून गंगीवर बसून निघाली, ताठ, एका हाताने कडं मिरवत. बाजीसाहेब मागून पायी आले.