फाटकातून परतलेला टेंपो

एकदा एक वृद्ध कारखानदार होते. अवजड मालट्रकना लागणारे हवेचे ब्रेक आणि त्यांचे नियंत्रण करणारे व्हॉल्व्ह बनवून ते पुरवत असत. सारे त्यांना आबा म्हणत. हेरंब नावाचा तरुण त्यांच्या हाताखाली तपासणीचे काम शिकत होता.

एके दिवशी माल निघायच्या वेळी हेरंबने शेवटच्या व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडले, तर बुडबुडे! म्हणजे हवा गळत होती. त्याने भरलेला टेंपो फाटकातूनच परत वळवला. तिकडे ट्रक बनवणाऱ्यांचे काम अडले, फोनवर आबांना नाही नाही ते ऐकावे लागले. सारा माल पुन्हा तपासला, तर व्हॉल्व्ह ठणठणीत. गळत होती ती व्हॉल्व्हला हवा पुरवणारी तपासणीची नळी. झाले! जो तो हेरंबची टर उडवू लागला. नोकरी गेलीच, असे समजून तो पडल्या चेहऱ्याने आबांपुढे उभा राहिला.

आबांनी त्याला चाचणीच्या ट्रकमध्ये चालकाच्या जागी बसवले, स्वतः शेजारी बसले आणि म्हणाले, "घे पुढे. हळूहळू."

मोकळ्या आवारात ट्रक चालू लागला, तोच आबांनी हात लांबवून हवेची तोटी उघडली. फुस्स करून हवा सुटली, ब्रेक आपोआप आवळले आणि ट्रक गचकन थांबला.

"अहो आबा, हे काय!"

"समोर खड्डा होता?"

"नाही."

"कुणी आडवं आलं?"

"नाही हो."

"मग उगाच थांबला की! टाकू या का हा ब्रेक भंगारात?"

"छे, असं कसं? हवा गेली की थांबायचं, हेच तर त्याचं काम. थांबला नसता तर टाकायचा भंगारात!" एवढे बोलला आणि हेरंबची नजर आवारात उभ्या टेंपोवर गेली.

आबा हसले. "अरे, आतली स्प्रिंग ब्रेक आवळायला सदैव तयार असते. हवा तिला रेटून धरते, म्हणून चाक फिरतं. हवा कमी झाली की ब्रेक लागतो. रस्ता बरा की वाईट, ते तो विचारत बसत नाही. तुझी खात्री कमी झाली, तू थांबलास. चुकून अडवलेला माल संध्याकाळी पुन्हा निघतो, पण चुकून सोडलेला घाटातून परत बोलावता येत नाही. बोलणी मी खाल्ली, ते माझं काम. नोकरीचं काय घेऊन बसलास? उद्यापासून मात्र आधी आपल्या नळीला साबण लाव, बाबा!"

हेरंबच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे पुसता पुसता त्याला हसू फुटले. संध्याकाळी टेंपो निघाला, तेव्हा फाटक त्यानेच उघडले.

शंका आली म्हणून थांबलेल्या माणसाला हसण्याआधी घटकाभर त्याच्या शेजारी बसून पाहावे.