ठकूआत्याची मूठ

ज्यांनी ते केलं, त्यांची नावं गावानं मुद्दाम विसरून टाकली. ठकूआत्याचं नाव मात्र सगळ्यांना पाठ. कुणाला विसरायचं, हे गावाला बरोबर कळतं.

आपल्या पणज्यांचे पणजे रांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. सावरखेडीत ठकूआत्या एकटी राहायची. तिच्या घरात आढ्यापर्यंत उतरंड होती, गाडग्यावर गाडगं. एकात सुतळीचे तुकडे, एकात वाकडे खिळे, एकात चिंध्या. तिची आजी म्हणायची, "असू दे, लागंल कधीतरी." आईही तेच म्हणायची, आणि मग आत्याही. सगळ्यात खालच्या गाडग्यात राखेत घोळवलेली बियाण्याची ज्वारी होती. दर सुगीला जुनं बी काढून नवं भरायचं, हा त्या घरातल्या बायकांचा नेम.

सावरखेडीत होळीसाठी चोरलेलं ती चोरी नव्हे, आणि होळीवर चढलेली वस्तू पुन्हा खाली उतरवायची नाही, अशी रीत होती. एका होळीला चार बाप्यांनी आत्याची अख्खी उतरंडच उचलून आणली. चिंध्या चांगल्या पेटतात म्हणे.

आत्या धावत आली. "दार उपटून न्या रे, पण खालचं गाडगं तेवढं द्या. त्यात बी हाय."

"देवीच्या तोंडातला घास काढू व्हय, आत्या? अन् उंदरांनी ठिवलंय का काही त्यात?"

सगळं गाव हसलं. होळी पेटली.

दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांना राख फासत होते आणि आत्या त्याच राखेतून चाळणीनं एकेक दाणा वेचत होती. ती सात दिवस तिथून उठली नाही, असं म्हणतात. न जळलेली मूठभर ज्वारी तिला मिळाली.

मग दोन वर्षं पाऊस फिरकला नाही. लोकांनी आधी कोठारं खाल्ली, मग बियाणं खाल्लं. आत्यानं पाला खाल्ला, चिंचोके खाल्ले, पण मुठीतला दाणा तोंडात टाकला नाही. तिसऱ्या वर्षी मृगात पाऊस कोसळला. जमीन भिजली आणि पेरायला कुणाकडे दाणा नव्हता. तेव्हा गावाला आत्या आठवली.

ती गार पडलेल्या चुलीपाशी मरून पडली होती. मूठ मिटलेली. चौघांनी बोटं ओढून पाहिली, तेल लावलं, पाया पडले. मूठ उघडेना. शेवटी तिरडी उचलली. शिवारातून जाताना मूठ आपोआप सैल झाली आणि प्रत्येक रानात एकेक दाणा पडत गेला. एका दाण्याला चाळीस कणसं आली, असं म्हणतात. उतरंड चोरणाऱ्या त्या चौघांच्या रानातही आली. इथं ऐकणाऱ्या पोरांना राग येतो. यायलाच हवा.

आजही होळीच्या आधी घरोघरची माणसं आत्याच्या नावानं पुजलेल्या दगडापुढे राखेत घोळवलेली ज्वारी नव्या गाडग्यात भरून ठेवतात, हात जोडतात, फोटो काढतात.

गाडगी विकणारी सरू कुंभारीण बाजूला बसून बघत असते. यंदा ती म्हणाली, "गाडगं माझं, ज्वारी दुकानातली. घरोघरी गॅस आला, म्हणून राखसुदीक माझ्याच भट्टीतली नेतात. ह्यांच्या घरचं त्यात काय असतं, ते इचारा की कुणीतरी."