पिंजऱ्याकडे पाठ करून

एका मंगळवारी सकाळी एक वैद्य गिरणीतून दळण घेऊन घरी आला. मंगळवारी त्याचा दवाखाना बंद असे, म्हणून घरची बारीकसारीक कामे तो त्या दिवशी उरकून घेई. खांद्यावरचा डबा उतरवत त्याने आईला हाक मारली. आई ओसरीवर फोन हातात धरून बसली होती. पलीकडून बोलणारा केव्हाच थांबला होता. वैद्याचा धाकटा भाऊ अनंता नोकरीच्या निमित्ताने दूरच्या शहरात राहत असे. तो त्या पहाटे गेला होता. पोटात दुखणे होते आणि ते बरेच दिवसांचे होते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते. वैद्याने हाताला लागलेले पीठ धुतले आणि तो गाडीची चौकशी करायला बाहेर पडला.

पुढचे सगळे त्याने नीट पार पाडले. भावजयीला मुलासह तिच्या माहेरी पोहोचवले, आईला दोन वेळा जेवायला बसवले, भेटायला येणाऱ्यांचे ऐकून घेतले. त्याच्या डोळ्यांत कोणाला पाणी दिसले नाही. माणूस खंबीर आहे, असे लोक म्हणाले. पण तेरावा झाल्यावरही त्याने दवाखान्याचे दार उघडले नाही. कोणी रोगी आलाच तर तो उंबऱ्यातूनच त्याला पेठेतल्या दुसऱ्या वैद्याचा पत्ता सांगे. असे तीन महिने गेले.

कारण त्याने कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते. मृत्यूच्या तीनच आठवडे आधी अनंता चार दिवस घरी राहून गेला होता. दोघे भाऊ शेजारी बसून जेवले होते. वैद्याने त्याला विचारलेही होते, बारीक झालास का रे म्हणून. त्यावर अनंता हसला होता. "दादा, तुला समोर माणूस दिसतच नाही, रोगीच दिसतो," असे म्हणून त्याने नाडी पाहायला पुढे केलेल्या हातावर टाळी दिली होती आणि आणखी एक पोळी वाढून घेतली होती. बावीस वर्षे परक्यांचे चेहरे वाचणाऱ्याला सख्ख्या भावाचा चेहरा वाचता आला नाही. अशा माणसाने कोणाच्या मनगटाला कोणत्या तोंडाने हात लावावा, हा प्रश्न त्याला सकाळी उठल्या उठल्या पडे आणि दिवसभर तसाच राही.

घर फार शांत झाले होते. आई खिडकीशी बसे आणि बाहेर बघे. बाहेर बघण्यासारखे काही नसे. कोणी तरी सुचवले की घरात पाखरे आणा, फिंच म्हणून चिमणीहून लहान पक्षी मिळतात, त्यांची दिवसभर बारीक किलबिल चालू असते. वैद्याला ते पटले. मात्र त्याने आयुष्यात कधी पक्षी पाळला नव्हता. तेव्हा तो आपल्या गुरूंकडे गेला.

गुरुजी ऐंशीच्या घरातले. वैद्यकी त्यांनी केव्हाच सोडली होती. मागच्या अंगणात फिंचचा एक मोठा पिंजरा तेवढा सांभाळत, आणि अनंता गेल्यापासून अधूनमधून शिष्याच्या घरी येऊन बसत. शिष्याने त्यांना निवड करून देण्याची विनंती केली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, माझ्या नजरेवर आता माझा विश्वास नाही. आणि आमच्या घरात आणखी काही मरता कामा नये. आईला ते सोसायचं नाही."

"तुझ्या आईला?" गुरुजी म्हणाले. मग चपला शोधू लागले. "निवड तूच करायची. मी नुसता सोबत येतो. वाटेत भाजक्या शेंगा घे थोड्या."

वाटेने गुरुजींनी त्याला नव्याने पक्षी पाळणाऱ्याला सांगतात ते सगळे सांगितले. फिंच एकटा कधी घेऊ नये, जोडीच घ्यावी. पोपटासारखा तो हातावर येईल अशी आशा धरू नये. त्याला हाताळलेले आवडत नाही, त्याला नुसते पाहावे, ऐकावे. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा असावा, कारण हे पक्षी आडवे उडतात. तो स्वयंपाकघराच्या धुरापासून लांब ठेवावा. शिष्य हे सारे एखाद्या विद्यार्थ्यासारखा मनात घोकत होता.

पक्ष्यांचा व्यापारी गुरुजींच्या जुन्या ओळखीचा होता. दुकानात शिरताच शेकडो चोचींचा कलकलाट कानावर आला. फिंचच्या पिंजऱ्यात दहा-बारा पक्षी होते. राखाडी अंगाचे, लाल चोचीचे, नरांच्या गालांवर शेंदराचे बोट टेकल्यासारखा ठिपका. गजांना अडकवलेला पांढरा तुकडा पाहून वैद्य थबकला. ते समुद्रफेन होते, माकुळाच्या पाठीतले हलके हाड. कानाच्या औषधात तो ते वर्षानुवर्षे वापरत आला होता. इथे पक्षी त्यावर चोच घासत होते. त्या ओळखीच्या वस्तूने त्याला जरा धीर आला, आणि तो पिंजऱ्याजवळ वाकून एकेका पक्ष्याची तपासणी करू लागला. डोळे स्वच्छ आहेत का, पिसे अंगाला चापून बसली आहेत का, चोचीचा रंग कसा आहे, चाल कशी आहे. रोग्याला तपासावे तसेच हे तपासणे होते. एक नर सारखा पुढे येई, दांडीवर ताठ बसून मान उंचावी आणि गाई. बाकीचे त्याच्या मानाने मंदच वाटत होते.

"हा," वैद्य म्हणाला. "आणि याच्यासोबत एखादी मादी."

"वैद्यबुवा, नजर आहे तुम्हाला," व्यापारी म्हणाला, आणि ते ऐकून वैद्याचा चेहरा उतरला.

गुरुजींनी त्या पक्ष्याकडे एकवार पाहिले. मग व्यापाऱ्याकडून दोन स्टुले मागून घेतली, ती पिंजऱ्याकडे पाठ येईल अशी मांडली आणि शिष्याला शेजारी बसवले. समोर दाण्याच्या डब्यांचे काचेचे कपाट होते. गुरुजींनी शेंगांची पुडी मांडीवर उघडली आणि ते सावकाश सोलू लागले.

व्यापारी काही वेळ पाहत राहिला. "गुरुजी, माझ्या दुकानाकडे पाठ करून बसू नका हो. गिऱ्हाईक म्हणेल, माल बघवेना म्हातारबुवांना."

"तुझं थोबाड दिसू नये म्हणून बसलोय," गुरुजी म्हणाले, आणि त्याच्याही हातावर चार शेंगा ठेवल्या. तो हसत आत गेला.

अर्धा तास गेला असेल. गुरुजी आपल्या घराच्या गळक्या टाकीबद्दल बोलले, सुनेने आणलेल्या नव्या कवळीच्या डबीबद्दल बोलले. शिष्य हो हो करत होता आणि मनात वैतागत होता. पक्षी घ्यायला आलेल्या माणसाने पक्ष्यांकडे पाठ करून टाकीची कहाणी ऐकायची, हे काय चालले आहे त्याला कळेना. गुरुजींचे वय झाले, असेही त्याला वाटून गेले. मागचा कलकलाट हळूहळू बदलत गेला. पक्षी माणसांना विसरले होते.

"आता समोर काचेत बघ," गुरुजी बोलण्याच्या ओघातच म्हणाले. "मान वळवू नकोस."

कपाटाच्या काचेत मागचा पिंजरा स्पष्ट उमटला होता. बरेच पक्षी दाणे टिपत होते, एकमेकांची मान खाजवत होते. वैद्याने निवडलेला नर मात्र तळाशी कोपऱ्यात उतरला होता. पिसे फुलवून त्याचा कापसाचा बोळा झाला होता. डोळे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत होती.

वैद्याने झटकन मान वळवली. त्याबरोबर बोळ्याचा पुन्हा पक्षी झाला. पिसे चापून बसली, एका उडीत तो दांडीवर चढला आणि गाऊ लागला. वैद्य पुन्हा काचेकडे वळून निश्चल बसला. काही वेळाने पक्षी पुन्हा कोपऱ्यात उतरला.

"याला आपण फसवणूक म्हणणार नाही," गुरुजी म्हणाले. आता त्यांचा आवाज पूर्वी शिकवताना असे तसा झाला होता. "रानात दुबळा दिसला की पक्षी उचलला जातो. तेव्हा जोवर कोणी पाहत आहे तोवर तो सगळं बळ एकवटून निरोगी राहतो. आणि पाहणारा जितका निरखून पाहील तितका जास्त. मघाशी तू चुकला नाहीस. तुला जे दाखवलं गेलं ते तू अचूक पाहिलंस. माणसांचंही पुष्कळदा असंच असतं. माझी बायको दोन वर्षं माझ्यापासून दुखणं लपवून होती. गाव माझ्याकडे नाडी दाखवायला येत होतं, आणि ती मला चहा देताना हात पदराआड धरायची. मला पुढे पुष्कळ वर्षं वाटत राहिलं की माझं ज्ञान उणं पडलं. उणं काही नव्हतं. तिला घरात वैद्य नको होता, नवरा हवा होता. तेवढे दिवस तरी."

 टाळी दिलेला अनंताचा हात शिष्याला आठवला. अनंता चार दिवस घरी आला होता, पण तपासून घ्यायला आला नव्हता. त्याला दादाशेजारी बसून जेवायचे होते.

थोड्या वेळाने वैद्य म्हणाला, "तो आजारी नर मीच नेतो. मी त्याला औषध देईन, त्याची सेवा करीन."

"नाही," गुरुजी म्हणाले. "तू पक्षी पाळायला आला आहेस, प्रायश्चित्त घ्यायला नाही. त्याला ऊब आणि एकांत हवा. ते इथे जास्त चांगलं होईल." त्यांनी व्यापाऱ्याला हाक मारली. व्यापाऱ्याने काचेत पाहिले, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, आणि आपल्याला आठ दिवसांत हे कसे दिसले नाही असे पुटपुटत तो पक्षी अलगद काढून आतल्या खोलीत दिव्याच्या उबेला ठेवायला नेला.

"मी तीन महिने तुझ्याकडे पाहतो आहे," दुकानात दोघेच उरल्यावर गुरुजी म्हणाले. "फार बारकाईनं पाहिलं. म्हणून मला काही दिसलं नाही."

एवढे बोलून त्यांनी मान खाली घातली आणि पुडीतली पुढची शेंग उचलली. काचेत आता पिंजऱ्याच्या पुढे शिष्याचा चेहराही दिसत होता. तो चेहरा आक्रसू लागला, तेव्हाही गुरुजींनी वर पाहिले नाही. शिष्य बराच वेळ रडला. मागे पक्षी दाणे खात होते. व्यापारी आतून आला, दारातच थांबला आणि पुन्हा आत गेला.

मग वैद्याने तोंड धुतले आणि जोडी निवडली. या वेळी त्याने घाई केली नाही. दोन पक्षी दांडीच्या टोकाला बसून आपापल्या उद्योगात होते. दाणे खात, पिसे साफ करत, आणि कोणी पाहो न पाहो तसेच राहत. तेच त्याने घेतले. गुरुजी तोवर शेंगांची टरफले पुडीत गोळा करत होते.

घरी पिंजरा खिडकीत टांगला, तेव्हा आईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा प्रश्न केला. "बोलायला शिकतात का हे?"

"नाही आई. नुसती किलबिल करतात."

"बरं आहे," आई म्हणाली. "बोलणारे येऊन जाताहेत पुष्कळ." मग मुलाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे तिने पाहिले, आणि त्या संध्याकाळी दोघे प्रथमच अनंताबद्दल बोलले. बोलता बोलता हसलेही.

आठवड्याने दवाखाना उघडला. काही नाही, सहज आलो, असे म्हणणारा माणूस आला की वैद्य आता लगेच त्याचा हात हातात घेत नाही. त्याला बसायला सांगतो आणि स्वतः पाठमोरा होऊन बाटल्या पुसत राहतो. पाठीमागे माणूस जरा सैल होतो, कण्हतो, कधी आपणहून बोलू लागतो. कधी नाहीही बोलत. ज्याला स्वतःचे दुखणे स्वतःजवळ ठेवायचे आहे त्याला तसे ठेवू द्यावे लागते, हेही वैद्याला आता कळते, आणि असा माणूस न बोलता गेला तरी त्या रात्री त्याला झोप लागते.

पुढे भावजय मुलाला घेऊन चार दिवस राहायला आली. दुखण्याचे अनंताने तिला तरी सांगितले होते का, हे वैद्याला तिला विचारायचे होते. ते त्याने विचारले नाही.