नावाचा गंज

भांडी एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. वऱ्हाडातल्या पार्वताबाईंच्या फळीवर अ‍ॅल्युमिनियमचं नवं पातेलं आलं. तिकडे पातेल्याला गंज म्हणतात. शेजारच्या लोखंडी तव्याला हसू आवरेना.

"ह्याचं नावच गंज! हवा लागली की महिनाभरात भुगा होणार ह्याचा."

तांब्याची घागर म्हणाली, "हवा प्रत्येक धातूला निराळी साल देते. मला काळपट, पुढे हिरवी. तुला लाल, आणि गंज म्हणतात तो तिलाच. ह्याला कुठली मिळेल, ते नावावरून कसं सांगणार?"

पार्वताबाई सुनेला घेऊन लेकीकडे गेल्या आणि पावसाळाभर घर बंद राहिलं. तवा लाल झाला, त्याचे पापुद्रे गळू लागले. पातेल्याची नवी चकाकी तेवढी कमी झाली.

"तुझ्याकडे हवा आलीच नाही?" तव्याने चिडून विचारलं.

"पहिल्याच दिवशी आली. दिसणारही नाही इतकी पातळ साल देऊन गेली. ती मी अंगाशी घट्ट धरली, मग हवेला आत शिरायला वाट उरली नाही. तुझी साल गळते, म्हणून हवेला रोज नवं अंग सापडतं."

तेवढ्यात दार उघडलं. तवा हातात घेऊन पार्वताबाई सुनेला म्हणाल्या, "अव माय, केवढा गंज चढला याले! छबे, गंजात पाणी आण वं, घासून काढू."

"बाई गंज म्हणाल्या कोणाला?" तवा पुटपुटला.

"दोघांनाही," घागर म्हणाली. "त्याचं नाव घेतलं. तुला काय झालंय ते सांगितलं."